गोंधळाला इंग्रजीत काय म्हणतात?

१२ जानेवारी

चि. मास्तरीणबाईंस,

ह्या नावाने हाक मारलेली तुला आवडत नाही, ठाऊक आहे मला. पण चौथीत असताना माझ्या तोंडातलं 'फ्यान' दुरुस्त करून त्याचा 'फॅन' करणाऱ्या मुलीला दुसरं काय म्हणायचं?

पत्र बघून दचकू नकोस. सगळे धडधाकट आहोत. फोन केला असता, पण माझ्या हातात मोबाइल दिसला की तुझे बाबा पेपर खाली ठेवतात आणि कान इकडे लावतात. घर दोन खोल्यांचं. बोलायला जाणार कुठे? म्हणून जेवणाच्या सुट्टीत, शिवणाच्या मशीनवर कागद ठेवून लिहिते आहे.

काम असं आहे. तू रोज संध्याकाळी नोकरदार मंडळींना इंग्रजी शिकवतेस, तर मला सांग, गोंधळाला इंग्रजीत काय म्हणतात? कन्फ्यूज्ड मला येतो. तो सगळ्यांनाच येतो. पण एकच शब्द सगळीकडे कसा पुरेल? आपल्याकडे माणूस बावरतो, गांगरतो, भांबावतो, चक्रावतो, बुचकळ्यात पडतो. कुणाची तारांबळ उडते, कुणाचं नुसतं तळ्यात-मळ्यात चालू असतं. ह्यातला एक शब्द उचलून दुसऱ्याच्या जागी ठेवून बघ, टीप बसत नाही. इंग्रजीतही असतील की असे वेगवेगळे.

कशाला हवेत म्हणशील, तर आमच्या कारखान्याकडे बसडेपोचं काम आहे. फाटक्या सीटा येतात, आम्ही फोम बदलून, नवं रेक्झिन चढवून परत पाठवतो. डेपोतल्या लोकांची भाषा वेगळी, आपली वेगळी. मधे पूल म्हणून इंग्रजी, तेही दोन्हीकडून मोडकं. एखादा शब्द चुकला की सगळं माप चुकतं.

सवडीने लिही, पण लवकर लिही. आणि माझ्या दादाला, तुझ्या बाबांना, यातलं काही बोलू नकोस. उगाच चेष्टा करत बसेल.

तुझी आत्या


२१ जानेवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र क्लासला घेऊन गेले आणि सगळ्यांना वाचून दाखवलं. रागावू नकोस, फ्यानचा भाग वगळला. टायरच्या दुकानावरची आमची ती खोली, खाली हातोड्याची ठोकाठोक, आणि वर बारा मोठी माणसं आपापल्या गोंधळाचं वर्णन करतायत. इतका रंगलेला तास वर्षभरात झाला नव्हता.

तर ऐक. समोर काहीतरी कोडं आहे, डोकं चालतंय, उत्तर सापडेल अशी आशा आहे, तेव्हा तू पझल्ड. तेच कोडं काही केल्या सुटेना आणि तू हात टेकलेस, की बॅफल्ड. औषधाच्या दुकानात काम करणारे एक काका म्हणाले, "डॉक्टरांचं अक्षर बघून मी सकाळी पझल्ड असतो, संध्याकाळी बॅफल्ड." शंभर टक्के बरोबर. कोड्याबरोबर जिवाला थोडी काळजीही लागली की परप्लेक्स्ड, हा तुझा बुचकळ्यात पडणारा.

गांगरणं म्हणजे फ्लस्टर्ड. पाहुणे दारात, दूध उतू चाललंय, आणि फोनही वाजतोय. भांबावणं म्हणजे बिविल्डर्ड. मोठ्या स्टेशनवर आईचा हात सुटलेलं पोर डोळ्यांपुढे आण. आणि बोलताना आगापिछा राहिला नाही, काल-परवाची सरमिसळ झाली, तर मडल्ड.

एक मात्र जपून वापर, डिसओरिएंटेड. ते साधं नाही. आपण कुठे आहोत, कुठला दिवस आहे, घर कुठल्या बाजूला, हेच कळेनासं होणं. दवाखान्यात हा शब्द फार ऐकू येतो. कन्फ्यूज्डसुद्धा डॉक्टरच्या तोंडून आला की वेगळा, गंभीर अर्थ घेऊन येतो.

हे सगळं सीटांच्या मापाला कसं लागतं, ते मात्र मला कळलेलं नाही. मी पझल्ड आहे म्हण. तुझी तब्येत बरी आहे ना, आत्या? रस्ता वगैरे चुकत नाहीस ना?

तुझी
मास्तरीण (नाइलाजाने)


४ फेब्रुवारी

चि. मास्तरीणबाईंस,

शब्द पोचले. सगळे दोनदोनदा म्हणून पाहिले. फ्लस्टर्ड मला फार आवडला, तोंडातच धडपडतो. पण मला हवा तो यात नाही.

मी नीट सांगते. माणूस दारात उभा आहे. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. त्याला घर कुठलं ते माहीत आहे, दार कुठलं ते माहीत आहे. कोडं वगैरे काही नाही, सगळं लख्ख दिसतंय. तरी पाऊल उचलत नाही. नको म्हणायचं नाही, आणि हो म्हणायची छाती होत नाही. असा तो उभाच आहे. त्याला काय म्हणतात?

रस्ता चुकण्याचं विचारलंस. चुकले म्हणता येणार नाही. गेल्या आठवड्यात बसमध्ये बसले ती आपला स्टॉप आला तरी उठलेच नाही, पार शेवटच्या डेपोपर्यंत गेले. तिथे जरा वेळ फाटकाशी उभी राहिले आणि त्याच बसने परत आले. परवा पुन्हा तेच झालं. आणि कारखान्यात एका सीटचं कव्हर उलटं कापलं. इतकी वर्षं कातर हातात आहे, असं कधी झालं नव्हतं. मालकीणबाई म्हणाल्या, "बाई, लक्ष कुठंय तुमचं?"

पण त्यात काळजी करण्यासारखं काही नाही. होतं असं, वय झालं की. तू तेवढा शब्द शोध.

तुझी आत्या


१० फेब्रुवारी

प्रिय बाबा,

हे पत्र आत्याच्या हाती पडू देऊ नका. ती कामावर असतानाच पोस्ट येतं म्हणून लिहिते आहे. फोनवर तुम्ही हळू बोलायला गेलात की शेजारच्या घरात ऐकू येतं.

आत्याच्या डोक्याचं काहीतरी बिनसतंय अशी मला भीती वाटते आहे. ती मला गोंधळ ह्या विषयावर पत्रं लिहिते आहे. उतरायचा स्टॉप सोडून दोनदा डेपोपर्यंत गेली, तिथे नुसती उभी राहिली आणि परत आली. कापड उलटं कापलं. आणि माणूस दारात उभा राहतो, आत जावं की बाहेर ते कळत नाही, असं काहीतरी लिहिलंय. क्लासमध्ये एक नर्स येतात, त्यांना मी नाव न घेता विचारलं. त्या म्हणाल्या, ह्या वयात असं सुरू होतं कधीकधी, वेळेत दाखवलं तर बरं.

आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. आत्या एक पेटी घेऊन दोन महिन्यांसाठी आली आणि राहूनच गेली. तिला काही झालं तर मला सहन होणार नाही. तुम्ही जरा लक्ष ठेवा. गॅसकडे विशेष. तिला कळू न देता डॉक्टरांकडे न्या. काय दिसतं ते मला कळवा, काही लपवू नका.

तुमची
मास्तरीण


१९ फेब्रुवारी

चि. मास्तरीण,

तुझं पत्र मिळालं. पाण्याच्या मीटरची तपासणी करण्यात सगळी नोकरी गेली, तेव्हा लक्ष ठेवणं मला शिकवायला नको. आठवडाभर पाहणी केली. जे दिसलं ते जसंच्या तसं देतो.

सोमवारी तिने चहात मीठ घातलं. स्वतः पूर्ण कप प्यायली, तिला कळलं नाही. मला कळलं. मंगळवारी नवी चप्पल घालून कामावर गेली. जुनी चांगली दीड वर्ष चालली असती. गुरुवारी आरशासमोर उभी राहून इंग्रजीत कुणाशी तरी बोलत होती. मी खोकलो तर म्हणाली, "उच्चार बघत होते." रविवारी कारखाना बंद असतो हे तिला माहीत आहे. तरी सकाळी तयार होऊन निघाली, कोपऱ्यापर्यंत गेली आणि परत आली. काय झालं विचारलं तर म्हणाली, "काही नाही, वारा खाल्ला." कधीकधी गुणगुणते. तीस वर्षांत मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

तुझी शंका खरी असावी असं मलाही वाटू लागलं आहे.

मी उपाय सुरू केले आहेत. सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या: मीठ, साखर, चहा. गॅसपाशी तिला शक्यतो जाऊ देत नाही. सकाळचा चहा मीच करतो. पहिले दोन दिवस तो पिण्यासारखा नव्हता, आता जमतो. भातही लावला. बटाटे उकडले. शेजारणीला विचारून आमटीपर्यंत मजल गेली आहे. हे काम वाटतं तितकं अवघड नाही, फक्त सगळी भांडी एकदम लागतात.

हिला तपासायचं म्हणून सांगितलं तर येणार नाही. तेव्हा 'माझा रक्तदाब बघायचाय, सोबत चल' म्हणून पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे नेतो आहे.

तू घाबरू नकोस. मी आहे.

बाबा


२ मार्च

मास्तरीण,

चिरंजीव वगैरे पुढच्या वेळी. आज मी चिडले आहे.

घरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या लागल्या. मला वाटलं दादाला स्वयंपाकाची हौस आली आणि त्याच्या सोयीसाठी आहेत. मग आरशावर चिठ्ठी आली, त्यावर वार आणि तारीख. मग मी गॅसकडे गेले की हा मधे येऊन उभा राहू लागला. आणि शेवटी दवाखान्यात ह्याचा रक्तदाब बघायला म्हणून गेलो, तर डॉक्टरांनी खुर्ची माझ्यापुढे सरकवली.

"आज वार कोणता?" मी सांगितला. "घड्याळ काढून दाखवा, दहा वाजून दहा मिनिटं." काढलं. "शंभरातून सात वजा करत चला." करत गेले, तेच म्हणाले पुरे. मग हळूच विचारलं, "अलीकडे कन्फ्यूज्ड वाटतं का?"

मी म्हटलं, "हो. पण तुम्ही म्हणता तसं नाही."

दादा बाजूला रुमालाने डोळे पुसत होता. त्याचं तोंड बघून माझा राग अर्धा उतरला. घरी येताना त्याच्या खिशातून तुझं पत्र बाहेर डोकावत होतं. तुझं अक्षर मला लांबून ओळखू येतं.

आता मुकाट्याने खरं सांगते, नाहीतर तुम्ही बापलेक मला खाटेला बांधाल.

बसडेपोत सीटांचं काम ज्यांच्याकडे आहे, त्यांना सगळे फोरमन म्हणतात. गेलं वर्षभर दर बुधवारी ते सीटा घेऊन येतात. उंच, जरा वाकून चालणारे. बायको जाऊन पुष्कळ वर्षं झाली, मुलगी परदेशी असते. माणूस फाटकी सीट उचलतानासुद्धा जपून उचलतो. आमच्या मालकीणबाई हिशेब करीपर्यंत ते माझ्या मशीनशेजारी स्टुलावर बसतात. आमच्या गप्पा म्हणजे काय, वीस-पंचवीस शब्द. "फोम गुड?" "गुड." "दिस वन किड्स डॅमेज." "किड्स ऑलवेज." एकदा त्यांनी सीटच्या फटीत सापडलेल्या वस्तू आणून दाखवल्या. एक बाळाचा मोजा, एक दात, एक प्रेमपत्र. प्रेमपत्र त्यांनी वाचलं नव्हतं, मीही नाही वाचलं. ज्याचं असेल तो येईल म्हणून परत घेऊन गेले.

जानेवारीच्या पहिल्या बुधवारी ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, "आय ॲम अलोन. यू आर अलोन." टोपी काढून मांडीवर ठेवली. "वुई कॅन बी नॉट अलोन."

मला अर्थ कळला. अगदी सगळा कळला. पण तोंडातून काय निघालं? "आय ॲम कन्फ्यूज्ड."

त्यांना वाटलं, मला इंग्रजी कळलं नाही. म्हणून त्यांनी तेच पुन्हा सांगितलं, सावकाश आणि मोठ्याने, बहिऱ्याला सांगावं तसं. तेवढ्यात सगळ्या मशीनी थांबलेल्या. "आय. ॲम. अलोन." सहाच्या सहा बायका वळून बघायला लागल्या. मी पुन्हा म्हटलं, "नो, नो, कन्फ्यूज्ड." तेव्हा त्यांचा चेहरा पडला. सॉरी म्हणाले, टोपी घेतली आणि गेले. त्या दिवसापासून सीटा दुसराच ड्रायव्हर आणून टाकतो.

म्हणून मी तुला शब्द मागत होते. डेपोच्या फाटकाशी दोनदा जाऊन उभी राहिले. आत ते दिसत होते, एका बसखाली वाकून काहीतरी बघत होते. पण जाऊन सांगू काय? पुन्हा कन्फ्यूज्ड? मला काय होतंय तेच मला सांगता येत नव्हतं, म्हणून परत आले.

आणि खरंच माझा निर्णय होत नाही, ग. माणूस आवडतो. पण मी गेले तर दादाचं काय? ज्याला पाणी तापवता येत नव्हतं तो एकटा कसा राहील, हे डोक्यातून जात नाही. शिवाय सत्तावन्नाव्या वर्षी दुसऱ्याच्या घरात आपली उशी कुठे ठेवायची? लोकांचं मला काही वाटत नाही. लोक चार दिवस बोलतात आणि दमतात. पण मी स्वतःच स्वतःला हसले तर?

आता तरी दे शब्द.

आत्या


८ मार्च

प्रिय आत्या,

तुझं पत्र खिडकीत उभी राहून वाचलं आणि वाचता वाचता खाली बसले. आधी इतकं हायसं वाटलं की रडू आलं. मग हसू. आणि मग, तुझ्यापासून काय लपवू, जरासं टोचलं. तुला कुणी आवडेल हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. आत्या म्हणजे आमची, घरातल्या भिंतीसारखी, असंच धरून चालले होते. दिवसभर ते टोचत राहिलं. रात्री जेवताना विचार केला की ज्या वयात तू पेटी घेऊन आमच्याकडे आलीस, त्याहून मी आज मोठी आहे. मग टोचायचं थांबलं.

चिठ्ठ्यांचा दोष माझा. शब्दांवरून रोग ओळखायला गेले. पण तूही कमी नाहीस. सीटांचं माप म्हणे.

आता शब्द. उंबऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला इंग्रजीत म्हणतात, इन टू माइंड्स. आय ॲम इन टू माइंड्स. दोन मनं झाली आहेत, एक हो म्हणतं, एक थांब म्हणतं. यात अडाणीपणा नाही, नकार नाही, आजार तर नाहीच. अनडिसायडेड म्हटलंस तरी चालेल, पण तो जरा ऑफिसातला वाटतो. डाउटफुल अजिबात म्हणू नकोस. त्याचा कल नाहीकडे असतो, फोरमन पुन्हा टोपी उचलतील. हेझिटंट बरा आहे, पण मला वाटतं तुझं टू माइंड्सच आहे.

बाबांचं म्हणशील तर त्यांना आता आमटी येते. मला त्यांनी अभिमानाने कळवलं आहे. तेव्हा त्या दुसऱ्या मनाने जी कारणं धरून ठेवली आहेत, त्यातलं एक तरी आता गळालं असं समज. बाबांना तूच सांग. माझ्याकडून गेलं तर त्यांना लागेल.

तुझं पुढचं पत्र येईपर्यंत मी अजिबात स्वस्थ नसेन. ह्याला इंग्रजी शब्द आहे, पण तुला तो सांगायला आत्ता मला सुचत नाही.

तुझी
मास्तरीण


२० मार्च

चि. मास्तरीणबाईंस, अनेक आशीर्वाद,

आधी दादाचं सांगते.

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी त्याने ताट वाढलं. भात जरा चिकट, पण खाण्यासारखा. म्हटलं, "दादा, मला काही झालेलं नाही. मला एकाने मागणी घातली आहे."

तो घास हातात धरून बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे डोकं ठीक आहे?"

"डोकं ठीक आहे."

"मग त्या चहात मीठ?"

"ते मागणीमुळे."

तो इतका हसला की ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. मग उठून ताटं धुवायला घेतली, माझ्याकडे पाठ करून. मी म्हटलं, "तुला सोडून जायचं म्हणून माझा पाय निघत नाही."

तो वळला नाही. म्हणाला, "तुला दोन महिन्यांसाठी बोलावलं होतं मी. जा म्हणायचं माझ्याच्याने कधी झालं नाही. तुला जायचंय का, हे विचारायचंही राहून गेलं." मग, "माणूस कुठे राहतो?"

"डेपोच्या मागच्या गल्लीत."

"सात नंबरची बस जाते की थेट," असं म्हणून त्याने शेवटचं ताट पालथं घातलं. तुझ्या बाबांकडून याहून मोठा आशीर्वाद अपेक्षित नाही, आणि मला तो पुरला.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा घेऊन डेपोत गेले. ह्या वेळी फाटकाशी थांबले नाही, कारण थांबले असते तर तिथेच राहिले असते. ते वर्कशॉपमध्ये होते, हात ग्रीसने काळे. मला बघून उठले आणि हात पुसायला कापड शोधू लागले. सापडेना. मी माझ्या पिशवीतला रेक्झिनचा तुकडा दिला. रेक्झिनने काही पुसलं जात नाही हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, तरी त्यांनी पुसलं.

मी पाठ केलेलं म्हटलं. "दॅट डे, नॉट कन्फ्यूज्ड. आय ॲम इन टू माइंड्स."

त्यांनी ते शब्द हळू पुटपुटून पाहिले. "टू माइंड्स." मग एक काळं बोट आधी माझ्याकडे केलं, मग स्वतःच्या छातीकडे. "वन, टू," म्हणाले, आणि असे हसले, असे हसले, की मी त्या माणसाला वर्षभरात तसं हसताना पाहिलं नव्हतं. "येस. टू माइंड्स. व्हेरी गुड. बेटर दॅन वन."

त्यांना वाटलं, दोन मनं म्हणजे माझं एक आणि त्यांचं एक.

मी दुरुस्त करायला तोंड उघडलं. तू एवढं नीट समजावून पाठवलेलं, माझ्या जिभेवर होतं सगळं. पण त्यांचा चेहरा समोर होता, आणि मला कळलं की मला ते दुरुस्त करायचंच नाही. जे मन थांब थांब म्हणत होतं, ते कुठे गेलं कुणास ठाऊक. मी शोधलं, खरंच सांगते, तिथल्या तिथे उभी राहून शोधलं. नव्हतं. मी म्हटलं, "येस. बेटर दॅन वन."

पण गैरसमजावर संसार थाटणं मला पटेना. बुधवारी ते सीटा घेऊन स्वतः आले, तेव्हा मी त्यांना खरा अर्थ सांगितला, हातवारे करून, एका हातात कातर, एका हातात टेप. त्यांनी गंभीरपणे ऐकून घेतलं. विचारलं, "अँड नाऊ? हाऊ मेनी माइंड्स?"

मी एक बोट दाखवलं. मालकीणबाईंनी स्वतः उठून सगळ्या मशीनी बंद करायला लावल्या आणि चहा मागवला.

रविवारी ते घरी आले होते. दादाने सकाळपासून खोली तीनदा झाडली. दोघे समोरासमोर बसले आणि बोलणं काही सुरू होईना. दादाचं इंग्रजी तुला माहीत आहे, सरकारी. "व्हॉट इज युवर डेट ऑफ रिटायरमेंट?" असं त्याने विचारलं. त्यांनी सांगितलं. मी स्वयंपाकघरात कपबश्या उगाच पुसत होते. ओट्याचा नळ ठिबकत होता. आपल्याकडे तो नेहमी ठिबकतो, आम्हाला ऐकू येणं बंद झालं आहे. पण त्यांनी मान वळवली, दादाने त्यांच्याकडे बघितलं, आणि पाच मिनिटांत दोघे ओट्याखाली. बाहेर चार पाय. एक जण आपल्या भाषेत पाना मागतोय, दुसरा आपल्या भाषेत 'हा नव्हे, छोटा' म्हणतोय, आणि दोघांचं छान चाललंय. चहा तीनदा गरम करावा लागला. जाताना दादा त्यांना बसस्टॉपपर्यंत सोडायला गेला आणि तासाने परत आला. काय बोललात विचारलं तर म्हणाला, "बोलायचं काय? माणूस चांगला आहे."

लग्न कोर्टात, पुढच्या महिन्याअखेरीस. साधंच. त्यांची मुलगी फोनवर माझ्याशी बोलली. तिला वडिलांची फार काळजी वाटायची, आता नाही वाटणार म्हणाली. मला एकदम तुझी आठवण झाली.

तू लग्नाला येशीलच, ते मी विचारत नाही. त्याआधी ये. चार दिवस रजा काढ. ते आणि दादा आता दर संध्याकाळी घरातलं काहीतरी दुरुस्त करत बसतात, त्यामुळे बाहेरची खोली रिकामी असते. आपण दोघी तिथे बसू. इतकी वर्षं तुला वाढवताना मी तुला माझ्याबद्दल फारसं काही सांगितलं नाही. आता सांगावंसं वाटतंय, आणि ते पत्रात मावत नाही.

तुझी
आत्या